रिपोर्टमध्ये ‘मिथिलेटेड’ लिहून आलंय? घाबरण्याआधी वाचा : कॅन्सरच्या एकेका पेशीतल्या खुणा शास्त्रज्ञ कशा वाचतायत

मेंदूतली गाठ ऑपरेशन करून काढली जाते. तिचा तुकडा तपासणीला जातो. काही दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर येते आणि त्यात मधेच कुठंतरी एक ओळ असते : ‘एमजीएमटी प्रमोटर मिथिलेशन – पॉझिटिव्ह’. घरातलं शिकलेलं पोरगं ती ओळ वाचून दाखवतं. ‘पॉझिटिव्ह’ शब्द कानावर पडला की घरातल्यांचा धीर सुटतो. कोरोनानं आपल्या डोक्यात एवढं पक्कं बसवलंय की पॉझिटिव्ह म्हणजे वाईट.

इथं मात्र उलटं आहे. ग्लिओब्लास्टोमा नावाच्या मेंदूच्या कॅन्सरमध्ये एमजीएमटी ‘मिथिलेटेड’ असणं ही त्यातल्या त्यात बरी बातमी समजतात. आजार गेला असा त्याचा अर्थ नाही, आजार गंभीरच आहे. पण टेमोझोलोमाइड नावाची केमोची गोळी अशा रुग्णाला जास्त लागू पडण्याची शक्यता असते. असं का, ते समजायला आधी मिथिलेशन म्हणजे काय ते बघू. शब्द अवघड आहे, गोष्ट अवघड नाही. आणि आधीच सांगून टाकतो, मिथाइलचा आणि मेथीच्या भाजीचा काहीही संबंध नाही.

दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल

रात्री लाइट आली की आपण शेतात दारं धरायला जातो. पाटातून पाणी येतंय. कुठल्या सरीत पाणी जाणार आणि कुठल्या सरीत नाही, हे कशावर ठरतं? खोऱ्यानं माती ओढून दार बंद केलं की ती सरी कोरडी. माती काढली की पाणी चालू. रान तेच, पाट तोच, पाणी तेच. फरक फक्त माती कुठं लावली आणि कुठून काढली याचा.

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर समजा. डोळ्याच्या पेशीत, आतड्याच्या पेशीत, यकृताच्या पेशीत हा मजकूर जवळपास एकच. मग डोळा डोळ्याचं काम करतो आणि यकृत यकृताचं, ते कसं? कारण प्रत्येक पेशीत कामापुरती जनुकं चालू असतात, बाकीची बंद. बंद ठेवायच्या शरीराकडं बऱ्याच युक्त्या आहेत. त्यातली एक मिथिलेशन. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन मिळून झालेला अगदी छोटा गट, त्याला मिथाइल म्हणतात. तो डीएनएमधल्या ‘सी’ या अक्षराला चिकटतो, आणि तोही बहुतेक वेळा ‘सी’च्या पुढं ‘जी’ हे अक्षर असेल तिथंच. माणसाच्या डीएनएमध्ये अशा सी-जीच्या जागा सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. बऱ्याच जनुकांच्या सुरुवातीला या जागा दाटीवाटीनं असतात. तिथं मिथाइलची माती लागली की ते जनुक बहुधा बंद पडतं. जनुकाच्या या सुरुवातीच्या भागालाच प्रमोटर म्हणतात. रिपोर्टमधला ‘प्रमोटर’ शब्द हाच.

अक्षर बदलत नाही, नुसती खूण लागते. पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा मजकुराबरोबर या खुणाही नव्या पेशीत उतरवल्या जातात. त्यासाठी शरीरात वेगळं एन्झाइम ठेवलेलं आहे. म्हणून तर यकृताच्या पेशीतून यकृताचीच पेशी निघते, डोळ्याची नाही.

कॅन्सरमध्ये नको ती दारं उघडी, हवी ती बंद

१९८३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन या दोघांनी मोजक्या रुग्णांच्या कॅन्सरच्या गाठी घेतल्या आणि त्याच रुग्णांच्या शेजारच्या निरोगी भागाशी ताडून पाहिल्या. त्यांनी तपासलेल्या जनुकांवर निरोगी भागात ज्या मिथाइल खुणा होत्या, त्यातल्या बऱ्याच गाठीतून गायब होत्या. पुढं कळलं की हे एवढ्यापुरतं नाही. कॅन्सरच्या पेशीत सगळ्या डीएनएभर खुणा विरळ होतात. बंद असायला हवी ती दारं फुटतात.

आणि गंमत बघा, त्याच पेशीत दुसरीकडं बरोबर उलटं चालू असतं. पेशीची वाढ आवरणारी काही जनुकं असतात, गाडीच्या ब्रेकसारखी. १९९०च्या दशकात एकामागून एक अभ्यासांत दिसलं की बऱ्याच कॅन्सरमध्ये या ब्रेकच्या जनुकांच्या तोंडाशी मिथाइलचा थर साचलेला असतो. जनुक शाबूत, एक अक्षरही बिघडलेलं नाही, पण बंद. पी-१६ नावाचं जनुक हे त्यातलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

याचा अर्थ कॅन्सर फक्त मिथिलेशनमुळं होतो असा नाही. अक्षरंच बदलणं, म्हणजे म्युटेशन, हे कारण आहेच. पण फरक एका गोष्टीत आहे. बदललेलं अक्षर परत जागेवर आणणं फार कठीण. लागलेली माती मात्र काढता येते, निदान काढायचा प्रयत्न तरी करता येतो.

त्यावर औषध आहेही. अ‍ॅझासायटिडीन नावाचं रसायन १९६४ मध्ये प्रागमध्ये तयार झालं होतं, तेव्हा मिथिलेशनचा विचारही त्यामागं नव्हता. १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की या औषधानं खुणा उतरवण्याचं कामच अडतं. मग पेशी वाढत गेली की खुणा आपोआप पुसट होतात. २००४ मध्ये अमेरिकेत एमडीएस या रक्ताच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. एमडीएसच्या जास्त धोक्याच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य २४.५ महिने आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं १५ महिने भरलं. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले आणि निम्मे कमी. आता हे औषध भारतातही वापरलं जातं.

मिस्त्री सुट्टीवर असला की गोळीचं काम होतं

आता परत त्या रिपोर्टकडं येऊ. एमजीएमटी हे जनुक पेशीत एक दुरुस्तीवाला तयार करतं. मिस्त्रीच म्हणा. टेमोझोलोमाइडची गोळी कॅन्सरच्या पेशीचा डीएनए खराब करते, आणि योगायोग असा की तीही डीएनएला मिथाइलच चिकटवते, फक्त दुसऱ्याच, चुकीच्या जागी. मिस्त्री हजर असला तर तो हे चिकटलेलं काढून टाकतो आणि पेशी वाचते. गोळी वाया. पण एमजीएमटीच्या दाराशी माती लागलेली असेल, म्हणजे ते ‘मिथिलेटेड’ असेल, तर मिस्त्रीच तयार होत नाही. गोळीनं केलेली मोडतोड तशीच राहते आणि पेशी मरते.

हे नुसतं तर्कानं म्हटलेलं नाही. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोनिका हेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिओब्लास्टोमाच्या २०६ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या सुमारे ४५ टक्के मिथिलेटेड निघाल्या. अशा रुग्णांत ज्यांना रेडिएशनबरोबर ही गोळी मिळाली, त्यांच्यातले ४६ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांत हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं. मिथिलेटेड नसलेल्यांत गोळी घेऊनही दोन वर्षांनी सुमारे १४ टक्केच जिवंत होते.

आकडे काही आनंदाचे नाहीत. पण दोन्ही गटांतला फरक किती मोठा आहे ते बघा. आणि ‘अनमिथिलेटेड’ आलं म्हणून गोळी द्यायचीच नाही असंही नाही. त्या रुग्णांनाही थोडा फायदा दिसतो, वय आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतात. रिपोर्ट बघून घरच्यांनी आपल्या मनानं गोळी बंद करणं हा सगळ्यात वाईट निर्णय.

लाखो खुणा, वाचायला कॉम्प्युटर

एका जनुकाची खूण बघून एवढं कळतं, तर सगळ्याच खुणा बघितल्या तर? पण मिथाइल दिसत नाही, मग वाचायचा कसा? १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मारियान फ्रॉमर यांच्या गटानं एक साधी युक्ती काढली. डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन टाकायचं. ज्या ‘सी’वर खूण नाही तो बदलून वेगळं अक्षर होतो, ज्यावर खूण आहे तो ‘सी’च राहतो. मग आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी ठेवायचा, फरक दिसतो. पुढं अशा चिप निघाल्या की एका वेळी साडेचार लाखांहून जास्त जागांवरच्या खुणा वाचता येऊ लागल्या.

साडेचार लाख आकडे कुठला डॉक्टर डोळ्यांनी वाचणार? इथं कॉम्प्युटर आला. जर्मनीतल्या हायडेलबर्गमधल्या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या २,८०१ गाठींचे व इतर नमुन्यांचे खुणांचे नकाशे कॉम्प्युटरला शिकवले. पद्धत साधारण ग्रामसभेसारखी आहे. कॉम्प्युटरच्या आत हजारो छोटे छोटे ‘मतदार’ बसवलेले असतात. प्रत्येकजण काही खुणा बघून आपलं मत देतो आणि बहुमतानं ठरतं की ही गाठ कुठल्या जातकुळीची. या पद्धतीनं गाठींचे ८२ प्रकार वेगळे ओळखता आले. २०१८ मध्ये त्यांचा निबंध आला तेव्हा सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीकडं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघून डॉक्टरांनी ज्यांचं निदान आधीच केलेलं होतं, अशा १,१०४ रुग्णांच्या गाठी यात टाकल्या, तर सुमारे १२ टक्के रुग्णांचं निदान बदलावं लागलं. म्हणजे शंभरातल्या बारा जणांच्या गाठीला आधी चुकीचं नाव मिळालं होतं. नाव चुकलं की औषध चुकू शकतं.

२०२३ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्तमधल्या गटानं पुढची पायरी गाठली. रुग्ण ऑपरेशन टेबलावर, कवटी उघडलेली. गाठीचा कण लगेच एका छोट्या यंत्रात घातला. हे यंत्र बायसल्फाइटशिवाय थेट खुणा वाचतं. त्यांच्या प्रोग्रामला अगदी थोड्या, विस्कळीत खुणांवरून अंदाज बांधायला शिकवलेलं होतं. २५ ऑपरेशनमध्ये हे करून बघितलं. दीड तासाच्या आत उत्तर. १८ वेळा गाठीचा प्रकार बरोबर सांगितला, ७ वेळा ‘मला खात्री नाही’ म्हणून प्रोग्राम गप्प बसला. मला स्वतःला ते सात जास्त आवडले. माहीत नसताना ठोकून देणारं यंत्र मेंदूच्या ऑपरेशनमध्ये काय कामाचं? सर्जनला या उत्तराचा उपयोग लगेच होतो. काही प्रकारच्या गाठी शेवटच्या कणापर्यंत काढल्या तर फायदा असतो. काहींमध्ये थोडा भाग सोडला तरी चालतो, आणि मग चालण्या-बोलण्याचा मेंदूचा भाग कापण्याचा धोका का घ्यायचा?

डेअरीच्या टाकीतलं दूध आणि एकेकाची किटली

इथपर्यंत जे सांगितलं त्यात एक अडचण लपलेली आहे. गाठीचा तुकडा घेतला की त्यात लाखो पेशी येतात. त्या सगळ्यांचा डीएनए एकत्र करून खुणा वाचल्या जातात. म्हणजे हाती लागते ती सरासरी.

दूध डेअरीत याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. गाईचं साडेतीन फॅटचं दूध आणि म्हशीचं सात फॅटचं दूध सारखं मिसळलं की टाकीत सव्वापाच फॅट लागतं. टाकीतला आकडा बरोबरच आहे, पण सव्वापाच फॅटचं दूध तर कुणीच आणलेलं नव्हतं. आणि एखाद्यानं किटलीत पाणी घातलं असेल तर टाकीत ते कळतच नाही. म्हणून तर संकलनाला प्रत्येकाचं दूध वेगळं तपासतात.

कॅन्सरमध्ये ती पाणी घातलेली किटलीच महत्त्वाची असते. रिपोर्टवर एमजीएमटी मिथिलेटेड आलं तरी प्रत्येक पेशीत ते दार बंद असेलच असं नाही. ज्या थोड्या पेशींत दार उघडं आहे, मिस्त्री कामावर आहे, त्या गोळीतून वाचू शकतात आणि पुन्हा वाढू शकतात. मग घरचे म्हणतात, आधी गोळी लागू पडली होती, नंतर का नाही? उत्तर सरासरीत सापडत नाही. एकेका पेशीत शोधावं लागतं.

अडचण ही की एका पेशीत डीएनए असतोच किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले साधारण सहा भाग. त्यावर बायसल्फाइट टाकलं की बराच डीएनए तुटून जातो. तरीही २०१३-१४ मध्ये चीन आणि इंग्लंडमधल्या गटांनी एका पेशीतल्या खुणा वाचून दाखवल्या. केंब्रिजजवळच्या बाब्रहम संस्थेच्या पद्धतीत चांगल्यात चांगल्या पेशीतही निम्म्याहून कमी जागा वाचता आल्या. बाकीच्या कोऱ्या.

या कोऱ्या जागांसाठी पुन्हा कॉम्प्युटर लागतो. वाळवीनं खाल्लेली मतदार यादी समजा. एका प्रतीत एक पान गेलंय, दुसरीत दुसरं. पाच-पन्नास प्रती शेजारी ठेवल्या, शेजारची नावं बघितली, तर गेलेल्या नावांचा बराचसा अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये आलेला डीपसीपीजी नावाचा प्रोग्राम जवळपास हेच करतो. त्याच पेशीतल्या आजूबाजूच्या खुणा, दुसऱ्या पेशींतल्या त्याच जागेवरच्या खुणा आणि तिथली अक्षरं बघून तो रिकामी जागा भरतो. पण यात एक खाच आहे आणि ती सांगायलाच हवी. बाकीच्या पेशींकडं बघून जागा भरली की वेगळी असलेली पेशीही चारचौघींसारखी दिसू लागते. आपण शोधत होतो ती नेमकी वेगळी पेशी! त्यामुळं वाचलेलं किती आणि भरलेलं किती, याचा हिशेब अशा संशोधनात वेगळा ठेवावा लागतो.

सारख्या चुकीवरून वंशावळ

एकेक पेशी वाचायला लागल्यावर एक अनपेक्षित फायदा हाती आला. वर सांगितलं की पेशीच्या दोन पेशी होताना खुणा उतरवल्या जातात. उतरवताना चुका होतात. एखादी खूण राहून जाते, एखादी जास्तीची लागते. आणि झालेली चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरत जाते. शाळेत मास्तर कसं ओळखतात की गृहपाठ कुणी कुणाच्या वहीतून उतरवला? बरोबर उत्तरावरून नाही, सारख्या चुकीवरून. दोन पेशींत त्याच जागी तीच चूक असेल तर त्या एकाच आईच्या. अशा चुका जुळवत गेलं की पेशींची सगळी वंशावळ मांडता येते.

न्यूयॉर्कमधल्या डॅन लँडाव यांच्या गटानं २०१९ मध्ये सीएलएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे केलं. हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांत जास्त आढळतो, आपल्याकडं कमी. निरोगी माणसाच्या त्याच जातीच्या पेशी बघितल्या तर कुणात चुका कमी, कुणात जास्त, कारण त्या वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या वाटेनं आलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशींत मात्र चुका जास्त आणि जवळपास सगळ्यांत सारख्याच प्रमाणात. सगळ्या एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ. मग त्यांनी इब्रुटिनिब ही गोळी सुरू होण्याआधीच्या आणि नंतरच्या पेशी बघितल्या. या गोळीनं कॅन्सरच्या पेशी लसिकाग्रंथींतून, म्हणजे बगलेत-मानेत गाठी येतात त्या ग्रंथींतून, बाहेर पडून रक्तात येतात. वंशावळीत दिसलं की हे सरसकट होत नाही. काही ठरावीक शाखांतल्या पेशी जास्त बाहेर पडल्या. म्हणजे एकाच रुग्णाच्या, एकाच कॅन्सरच्या पेशी, पण एक भावकी औषधाला वेगळी वागते आणि दुसरी वेगळी.

बीजिंगमधल्या गटानं त्याच्या आदल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा असाच अभ्यास केला होता. मूळ गाठ आणि दुसरीकडं पसरलेल्या गाठी, दोन्हींतल्या पेशी एकेक करून वाचल्या. सगळ्या १० रुग्णांत खुणा गायब होण्याची तऱ्हा सारखी निघाली. निरोगी पेशीत डीएनएचे जे भाग घट्ट गुंडाळून ठेवलेले असतात, तिथून खुणा जास्त गेल्या होत्या. एकाच भावकीतल्या पेशींत खुणा जवळपास सारख्याच प्रमाणात उरलेल्या होत्या. १९८३ मध्ये सरासरीत जे अंधुक दिसलं होतं, ते आता एकेका पेशीत दिसलं.

हे सगळं अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. पेशी-पेशीची ही तपासणी आज रुग्णाचं औषध ठरवायला वापरली जात नाही. कुणी ‘सिंगल सेल टेस्ट करून देतो, कॅन्सर किती पसरलाय ते सांगतो’ म्हणून पैसे मागत असेल तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

रक्ताच्या एका थेंबात सगळे कॅन्सर?

अशी जाहिरात मोबाइलवर येते तेव्हा हाताशी असावेत म्हणून हे आकडे. मेलेल्या पेशींचा डीएनए रक्तात सुटतो. त्यावरच्या खुणांवरून तो आतड्यातला की फुफ्फुसातला, कॅन्सरचा की साधा, याचा अंदाज येतो. गॅलेरी नावाची अमेरिकेतली टेस्ट यावरच चालते. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या अभ्यासात कॅन्सर नसलेल्या माणसाला ‘आहे’ म्हणून सांगण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे फारच कमी होतं. पण पहिल्या स्टेजचे कॅन्सर तिनं शंभरात साधारण १७ च पकडले. चौथ्या स्टेजचे ९०. ज्या वेळी कळून सगळ्यात जास्त फायदा, त्याच वेळी टेस्ट सगळ्यात कच्ची. दुसऱ्या एका अभ्यासात ६,६२१ लोकांची टेस्ट झाली, ९२ जणांना ‘संशय’ आला आणि त्यातल्या ३५ जणांनाच खरोखर कॅन्सर निघाला. उरलेल्या ५७ जणांनी स्कॅन, तपासण्या आणि धास्ती फुकट सोसली.

त्याउलट आपल्याच भागातलं एक काम बघा. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलनं परदेशी सहकाऱ्यांबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. ज्या गटाला गर्भाशयमुखाच्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, तीही एकदाच, देऊ केली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. मिथिलेशन त्यात नव्हतं, पण धागा जुळतो तो पुढं. एचपीव्ही सापडलेल्या बहुतेक बायकांचा विषाणू आपोआप जातो, मग उपचारांची खरी गरज कुणाला? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा तपासण्या तयार केल्यात की गर्भाशयमुखाच्या पेशींवरच्या मिथाइल खुणा बघून, कुणाच्या पेशी कॅन्सरच्या वाटेला लागल्यात ते वेगळं काढता येतं. मिथिलेशनचा उपयोग गावापर्यंत पोचायचा तर तो बहुधा अशाच रस्त्यानं पोचेल. तोवर सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी असते, तिची चौकशी आशाताईंकडं करा.

तंबाखू, गोळ्या आणि तो मेणाचा ठोकळा

धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातल्या खुणा न ओढणाऱ्यांपेक्षा वेगळ्या असतात. जवळपास १६ हजार लोकांवरच्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की सोडल्यावर पाच वर्षांत बहुतेक खुणा पूर्ववत होतात. काही मात्र ३० वर्षांनीही तशाच राहतात. हा अभ्यास विडी-सिगारेटच्या धुराचा आहे. मळून खाल्लेल्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे मात्र वेगळ्या अभ्यासांनी केव्हाच पक्कं झालंय.

‘मिथिलेशन सुधारणाऱ्या’ गोळ्या आणि पावडरीही आता विकायला आल्यात, बऱ्याचदा फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणारं फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या कारणासाठी असतं, ते घ्यायचंच. पण केमो चालू असलेल्यानं असल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. कॅपेसिटाबिनसारख्या औषधांबरोबर जास्तीचं फॉलिक अ‍ॅसिड पोटात गेलं तर दुष्परिणाम वाढतात.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं की गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, लॅबवाले त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. एमजीएमटीसारखी तपासणी नंतर करायची ठरली तर ती बहुतेक वेळा याच ब्लॉकमधून होते, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला जायला सांगितलं की आपण फाइल आणि एमआरआयची फिल्म घेऊन निघतो आणि ब्लॉक जिल्ह्याच्या लॅबमध्येच राहतो. मग त्याच्यासाठी एक फेरी, आठवडा आणि गाडीभाडं. निघण्याआधी लॅबमध्ये जाऊन ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लेखी अर्ज देऊन मागून घ्या, पिशवीवर रुग्णाचं नाव आणि लॅबचा नंबर लिहून घ्या, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते.